झाकणाच्या बादल्या

"साहेब, तुमचं लग्न झालंय का?"

हे विचारताना ओरो गुडघाभर खोल तांब्याच्या तपेल्यात उभी होती. पायांखाली ओली वाळू आणि चिंध्या, दोन्ही हात भिंतीतल्या लोखंडी कडीला, आणि कंबर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. तिच्या बाबांच्या कारखान्यात मोठी भांडी अशीच घासली जात. आत उभं राहायचं आणि पायांनी गिरक्या घ्यायच्या. काळा थर निघून तांबं लालबुंद दिसू लागलं, की मग विस्तवावर धरून कल्हई; सध्या मात्र नुसतं घासणंच.

भिंतीपलीकडे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच कुणीतरी त्या हसणारीचं तोंड दाबलं. हसली ती लुचा, दाबणारी नेव्यांका. दोघी ओरोच्या वर्गातल्या. पैज नेव्यांकाची होती, भोपळ्याच्या भाजलेल्या बियांची अख्खी पुडी. "विचारून दाखव त्या इन्स्पेक्टरला. नाहीतर स्पर्धेत पहिली आले म्हणून मिरवणं बंद कर."

आता मिरवणं बंद करणं म्हणजे ओरोच्या जिवावर आलं असतं. जानेवारीपर्यंत ही मुलगी हजेरीला "हजर" म्हणतानासुद्धा खाली बघायची. मग पाठांतराच्या स्पर्धेत बाईंनी तिला जवळजवळ ढकलूनच मंचावर उभं केलं. तिनं एक ओळ म्हटली, दुसरी म्हटली, आणि तिच्या लक्षात आलं की समोरची दोनशे माणसं गप्प बसून आपलं ऐकताहेत. बक्षीस द्यायला मांचेव वकील होते, गावातून निवडून राजधानीत, सोफियाच्या संसदेत गेलेले. इतर पाहुणे ओरोच्या कोटावरचं पिवळं बटण दिसलं की पटकन दुसरीकडे बघायचे. ज्यू माणसानं ते लावायचं आणि बाकीच्यांनी ते न बघितल्यासारखं करायचं, असंच चाललं होतं. मांचेव वकिलांनी मात्र बटणाकडे सरळ बघितलं, मग तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आवाज छान आहे तुझा. ट्रंकेत घालून ठेवू नकोस."

तिनं ठेवला नव्हता. तेव्हापासून घरीदारी सगळ्यांचे कान किटले होते.

इन्स्पेक्टर रादुलोव कारखान्याच्या दारात थांबला. सोफियाहून येऊन त्याला दोन आठवडे झाले होते. सत्ताविशीचा, गोरापान, करड्या हातमोज्यांचा. ज्यूंचं सगळं काम आता त्याच्याकडे होतं म्हणे. काम म्हणजे नेमकं काय, ते कुणी विचारलं नव्हतं. मुलींनी मात्र त्याची चाल, त्याची टोपी आणि त्याचे मोजेसुद्धा पाठ केले होते.

तो रागावला नाही. उलट हसला. "झालंय. दीड वर्ष झालं. का?"

"सहज, साहेब. वहिनी दिसल्या नाहीत कुठे."

"येईल ना. दहा तारखेनंतर येणार आहे. तोपर्यंत घर मोकळं होईल."

असं म्हणून तो बाबांशी बोलायला आत वळला. आज एक मार्च होता. सकाळीच नेव्यांकानं ओरोच्या मनगटावर लाल-पांढऱ्या दोऱ्याचा गोंडा बांधला होता, दरवर्षीसारखा. पहिला करकोचा दिसेपर्यंत तो काढायचा नसतो.

बियांची पुडी भिंतीवरून आली. मागोमाग नेव्यांकाचं डोकं वर आलं, पण ते हसत नव्हतं.

"कुठलं घर?" ती म्हणाली.

"काय?"

"अगं, कुठलं घर मोकळं होणार आहे? माझी मावशी दोन महिने घर शोधतेय. गावात एक स्वयंपाकघरसुद्धा रिकामं नाही. याला दहा तारखेला घर कोण देतंय?"

"इन्स्पेक्टर आहे तो," लुचा म्हणाली. "इन्स्पेक्टरला मिळतं."

ओरोनं बी फोडली, आतला गर जिभेवर घेतला आणि चावायचं विसरली.

*

रादुलोवनं त्या दिवशी जे काम आणलं, त्यानं तिचे बाबा दहा वर्षांनी तरुण झाले. मुशोन पानिझेल हा गावातला एकमेव कल्हईवाला. लढाई लागल्यापासून कथील मिळेना, आणि कथलाशिवाय कल्हईवाला म्हणजे पिठाशिवाय भटारी. गेलं वर्षभर बाबा फुटक्या कंदिलांना डाग देत बसले होते. आणि आता एका हातगाडीवरून कथलाच्या कांड्या आल्या, नवसागर आला, काळ्या पत्र्याचे तक्ते आले.

काम असं होतं. ज्यू घरांमधून बारा मोठी तपेली आणि वीस तांब्याच्या बादल्या गोळा करायच्या आणि त्यांना आतून कल्हई करायची. शिवाय काळ्या पत्र्याच्या वीस नव्या बादल्या बनवायच्या. त्यांना झाकणं हवीत, घट्ट बसणारी. त्यांना कल्हई नको. सगळं सोमवारपर्यंत, म्हणजे आठ तारखेपर्यंत तयार हवं.

"कशासाठी, साहेब?" बाबांनी विचारलं होतं.

"सरकारी काम," रादुलोव म्हणाला. "नीट केलंस तर तुझं नाव बघतो मी यादीत."

गोळा करायला काही जोरच लावावा लागला नाही. ओरो आणि लुचा हातगाडी घेऊन घरोघर फिरल्या. महिना-दीड महिन्यावर ज्यूंचा वल्हांडण सण होता. सणाआधी प्रत्येक घर आपली भांडी मुशोनकडे पाठवतंच. आता सरकार स्वतःचं कथील घालून कल्हई करून देणार म्हटल्यावर बायकांच्या अंगात आलं. ज्यांच्याकडे मागितलंच नव्हतं त्याही दारात येऊन उभ्या राहिल्या. "आमचं पण ने गं, ओरो. सणाला चकचकीत होईल." कुणी सासूच्या आंदणातलं तपेलं दिलं, कुणी माळ्यावरून बादली उतरवली. लुचाच्या आजीनं तर जुनी बादली परत आत नेली आणि चांगली बाहेर काढली.

भांड्यांवर खुणा करणं हे ओरोचं काम. सातव्या वर्षापासून तेच तिचं काम होतं. खिळा घ्यायचा आणि बुडाला घराची खूण कोरायची, म्हणजे परत देताना भांडणं नकोत. लुचाच्या घराची खूण कंगवा, कारण तिचे आजोबा कंगवे विकायचे. शेजारच्या विधवेची चिमणी, कारण ती चिमणीएवढं खायची. ओरोला गावातली सगळी घरं भांड्यांच्या बुडावरून ओळखता येत.

मंगळवारी ती तिसऱ्या बादलीवर खिळा धरून बसली होती, तेव्हा तिच्यावर सावली पडली.

"हे काय करतेस?" रादुलोव होता.

"खूण, साहेब. ही ज्यांची त्यांना परत द्यायची म्हणजे..."

"खुणा नकोत."

"पण मग कळणार कसं कुणाची कुठली?"

"कळायची गरज पडणार नाही." त्यानं तिच्या हातातला खिळा काढून घेतला, हलकेच, एखाद्या बाळाच्या हातून सुरी घ्यावी तसा, आणि बाकावर ठेवला. "उगाच वेळ जातो. वेळ कमी आहे."

तो गेल्यावर ओरो म्हणाली, "बाबा, वीस बादल्या सारख्याच दिसतात. परत कशा देणार?"

"देतील काहीतरी करून."

"कळायची गरज पडणार नाही, असं म्हणाला तो."

"भाता मार," बाबा म्हणाले. "निखारा विझतोय."

तिनं भाता मारला. मग बाबा बाहेर गेले तसा तिनं खिळा उचलला आणि राहिलेल्या सगळ्या भांड्यांच्या बुडाला भराभर खुणा कोरल्या. कंगवा, चिमणी, कात्री, चंद्र. कल्हई आतून होते. बूड कोण बघतंय.

*

बुधवारी तो घरी आला. बाबांची सही हवी होती म्हणे. कारखान्याच्या वरच दोन खोल्या, हेच त्यांचं घर. आईनं नेहमीच्या रीतीनं चांदीच्या चमच्यात बिहीचा मुरांबा आणि सोबत गार पाण्याचा पेला पुढे केला. त्यानं मुरांबा खाल्ला, चमचा पेल्यात ठेवला, म्हणजे त्याला रीत माहीत होती. आई तेवढ्यावरच विरघळली.

"तुम्ही केलाय?"

"मग काय, साहेब. अंगणातल्याच झाडाच्या बिह्या. दरवर्षी चार टोपल्या निघतात."

"अरे वा." तो खिडकीपाशी गेला आणि झाडाकडे बघत राहिला. "शेगडीचा धूर आत येतो का हो?"

"छे. मुशोननं नवीन नळी बसवलीय."

"आणि ओल? नदी जवळ आहे म्हणून विचारतो. माझ्या बायकोला दम्याचा त्रास आहे."

"ओल अजिबात नाही. खालच्या भट्टीमुळे भिंती कोरड्या राहतात."

आई सांगत होती, तो मान डोलवत होता. ओरो दारात उभी राहून बघत होती. त्यानं हातमोज्याच्या वितीनं खिडकीची चौकट मोजली. एक, दोन, तीन, चार, आणि वर अर्धी. चाळा म्हणून माणूस टेबलावर बोटं वाजवतो, तसं. मग त्यानं सही घेतली आणि तो गेला.

"किती सभ्य मुलगा आहे," आई म्हणाली.

"आई, त्यानं खिडकी मोजली."

"मोजली तर मोजली. झिजली का?"

"पडद्यासाठी मोजतात."

"तुला सध्या कशातही काहीतरी दिसतं. त्या स्पर्धेपासून डोक्यात हवा गेलीय."

 आई पेला धुवायला गेली तेव्हा ओरोनं स्वतःच्या वितीनं चौकट मोजली. तिची वीत लहान, पाच भरल्या. बिहीच्या झाडाला अजून कळी नव्हती. टोपल्या भरायला ऑक्टोबर लागतो. त्या माणसानं झाडाकडे असं बघितलं होतं, जणू टोपल्या मनात भरून झाल्या होत्या.

*

नेव्यांकाचे वडील रेल्वेत सांधेवाले होते. गुरुवारी मधल्या सुट्टीत ती दोघींना शाळेच्या मागे, लाकडांच्या ढिगाआड घेऊन गेली.

"बाबा काल जेवताना आईला सांगत होते," ती म्हणाली. "आडबाजूच्या रुळावर डबे आणून लावलेत. मालाचे. माल कसला ते कुणाला माहीत नाही. तंबाखूचा हंगाम नाही, गुरं नाहीत. आणि खिडक्यांना काटेरी तार ठोकायला सांगितलीय."

"गुरं पळतात खिडकीतून?" लुचा हसत म्हणाली.

कुणी हसलं नाही. लुचाचं हसूही मग हळूहळू उतरलं.

"किती डबे?" ओरोनं विचारलं.

"वीस."

ओरोच्या डोळ्यांपुढे कारखान्याची भिंत आली. एका बाजूला तांब्याच्या बादल्या, वीस. दुसऱ्या बाजूला काळ्या, झाकणाच्या, वीस. बाबांनी त्या जोडीजोडीनं लावल्या होत्या, कारण तशा त्या जागेत नीट बसत होत्या. एक पाण्याची. आणि एक...

"आमच्यासाठी आहेत ते," ती म्हणाली.

"काय आमच्यासाठी?" लुचा म्हणाली.

"डबे. एका डब्यात एक पाण्याची बादली आणि एक झाकणाची. तार आमच्यासाठी. आम्ही पळू नये म्हणून. तुझी कंगव्याची बादली सणाला परत येणार नाही, लुचा. सणाला तूच इथं नसशील."

"गप गं." लुचाचा चेहरा पांढरा पडला होता. "माझे बाबा म्हणाले, बाप्यांना दरवर्षीसारखं रस्त्याच्या कामाला नेणार आहेत. त्यांच्यासाठी आहेत बादल्या. सगळ्यांना माहीत आहे. तुला एकटीलाच काय जास्त कळतं?"

"रस्त्याच्या कामावर झाकणाची बादली कशाला? रान मोकळं असतं."

"मला नाही ऐकायचं," लुचा म्हणाली आणि खरंच कानांवर हात ठेवून वर्गाकडे निघाली. पंधरा वर्षांची घोडी, पाच वर्षांच्या मुलीसारखी. ओरोला तिचा राग आला, आणि लगेच वाटलं की आपणही तीन दिवसांपूर्वी अशाच होतो, तपेल्यात नाचत त्याच्या लग्नाची चौकशी करत होतो.

नेव्यांका तिथंच उभी होती. "घर मोकळं होईल म्हणाला," ती हळूच म्हणाली. "ओरो, तुमचं घर."

"मला माहीत आहे."

"माझ्या बाबांनी सांगितलं हे कुणाला सांगू नकोस. त्यांची नोकरी जाईल."

"नाही सांगणार."

घरी जाताना ओरोला वाटेतला प्रत्येक माणूस वेगळाच दिसला. पोलीस नेहमीसारखा मान हलवून हसला, तर हा का हसला? तंबाखूच्या रिकाम्या गोदामापाशी दोन माणसं चुन्यानं भिंती रंगवत होती, तर रिकामं गोदाम कोण रंगवतं? पाववाल्या बाईनं तर तिला एक पाव जास्तच दिला. या बाईला काय कळलंय?

*

शुक्रवारी शाळेतून आली तेव्हा कारखान्यात नवसागराचा पांढरा धूर कोंदला होता आणि बाबा गुणगुणत होते. वर्षभरात ते गुणगुणले नव्हते. विस्तवावर एक काळी बादली होती. बाबांनी कथलाची कांडी आतून फिरवली, कापसाचा बोळा घेतला, आणि एका झटक्यात काळ्या पत्र्यातून चांदणं उमटल्यासारखं झालं.

"बाबा, या बादल्यांना कल्हई नको म्हणाला होता ना तो?"

"त्याला काय कळतंय. कथील उरलंय थोडं. सहा होतील." त्यांनी बादली पाण्यात बुडवली, ती चर्रकन ओरडली. "माझ्या आजोबांपासून या घरातून एकही भांडं आतून काळं गेलेलं नाही. काळा पत्रा गंजतो. उद्या कुणी त्यात पाणी ठेवलं तर पोट बिघडायचं."

रादुलोव दुपारी आला. त्यानं तपेली बघितली, तांब्याच्या बादल्या बघितल्या, खूश दिसला. बुडाकडे कुणी बघत नाही, हे ओरोचं म्हणणं खरं ठरलं. मग त्यानं एका काळ्या बादलीचं झाकण उचललं आणि त्याला आत स्वतःचंच तोंड दिसलं.

"हे काय?"

"कल्हई, साहेब. सहांना केली. उरल्या कथलात."

"झाकणाच्यांना नको म्हणून सांगितलं होतं."

"ते बरोबर आहे. पण गंज फार वाईट, साहेब. एखाद्या लेकरानं तहान लागली म्हणून ओंजळ घातली तर..."

"मुशोन," रादुलोव वैतागून म्हणाला, "यातलं कुणी पिणार नाहीये."

आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. त्यानं ओरोकडे पाहिलं. ओरो भात्यापाशी उभी होती. तिनं मान खाली घातली नाही. पूर्वीची ओरो असती तर घातली असती.

"झाकणं घट्ट बसतात का, तेवढं बघ," तो झाकण लावत म्हणाला. "वास बाहेर येता कामा नये. आणि सोमवारची वाट बघू नकोस, रविवारी संध्याकाळीच माणसं येतील न्यायला."

तो गेल्यावर बाबांनी ती बादली उचलून इतरांच्या ओळीत ठेवली. मग त्यांनी विस्तवावर राख लोटली. गुणगुणणं पुन्हा सुरू झालं नाही.

*

वर आईनं शब्बाथचे, शनिवारच्या पवित्र दिवसाचे, दोन दिवे काढून ठेवले होते. सूर्य मावळायला अजून अर्धा तास होता. बाबांनी हात धुतले, नखांतली काजळी घासली, सदरा बदलला. ओरो खाली गेली आणि एक झाकणाची बादली घेऊन वर आली. कल्हई न केलेली, काळी. तिनं ती खोलीच्या मधोमध ठेवली.

"हे इथं कशाला?" आई म्हणाली. "दिवे लावायची वेळ झाली."

"बाबा, ही कशाची बादली आहे?"

"तुला माहीत आहे कशाची. सरकारी."

"तुम्ही तीस वर्षं भांडी करताय. कुणी येऊन म्हणालं की पत्रा काळाच ठेव, कल्हई नको, झाकण घट्ट हवं, वास येता कामा नये, तर ती बादली कशाची असते?"

 बाबांनी आईकडे बघितलं.

"बाप्यांच्या कामाच्या छावणीसाठी असेल," आई म्हणाली. "तिथं आजारी माणसं असतात."

"छावणीत वीस आणि वीस कशा लागतील? एक पाण्याची, एक परसाकडची, अशा जोडीजोडीनं? स्टेशनावर वीस डबे उभे आहेत, आई. खिडक्यांना काटेरी तार मारलेले. कुणी सांगितलं ते विचारू नका. आणि त्याची बायको दहा तारखेनंतर या खोलीत राहायला येणार आहे. त्यानं तुला धुराचं विचारलं, ओलीचं विचारलं. तू त्याला सगळं नीट सांगितलंस. मुरांबा दिलास."

आई खिडकीकडे बघत होती. तिचा हात आपोआप चौकटीवर गेला आणि तिथंच राहिला.

"माझं नाव यादीत बघतो म्हणालाय तो," बाबा म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "मी काम चांगलं केलंय. त्याला कल्हईवाला लागेल पुढेही. तो आपलं बघेल."

"कुठली यादी, बाबा?"

"यादी म्हणजे... यादी."

"तुम्ही विचारलंत का, कशाची?"

"विचारलं नाही."

"का नाही विचारलंत?"

बाबांनी गुडघ्यावर हात टेकले आणि ते बादलीसमोर खाली बसले. त्यांनी झाकण काढलं, परत लावलं. घट्ट बसलं. ते झाकण गावात दुसऱ्या कुणालाही इतकं घट्ट करता आलं नसतं. त्यांचा अंगठा काठावरून फिरत होता, कुठे धार राहिली आहे का ते बघत, सवयीनं.

"मी म्हटलं, कथील आलं," ते म्हणाले. "मला एवढंच दिसलं, ओरो. कथील आलं."

आई त्यांच्याजवळ येऊन बसली. "मुशोन, ही मुलगी खरं बोलतेय का?"

"पहिल्या दिवशीच मला कळायला हवं होतं. काळं ठेव म्हणाला, तेव्हाच." बाबांनी डोळे पुसले आणि काजळीचा पट्टा गालावर आला. हात नीट धुतलेच गेले नव्हते. "आता काय करायचं? कुणाला सांगायचं? सगळी घरं माझ्याकडे भांडी देऊन बसलीत सणासाठी. मी त्यांना काय सांगू?"

"कुणाला काही सांगू नका," आई घाईनं म्हणाली. "त्याच्या कानावर गेलं तर यादीतलं नाव..."

तिचं तिलाच ते ऐकवेना. 

ओरो उभीच होती. तिचे पाय थरथरत होते, पण जानेवारीत मंचावरही थरथरले होते, आणि तेव्हा तिला कळलं होतं की पाय थरथरत असतानाही आवाज स्थिर राहू शकतो.

"मांचेव वकील उद्या घरी आहेत," ती म्हणाली. "रविवारच्या गाडीनं ते सोफियाला जातात. तिथं त्यांचं ऐकतात."

"उद्या शब्बाथ आहे," आई म्हणाली. "हातात काही घेऊन घराबाहेर पडायचं नसतं."

"माहीत आहे."

"आणि तो वकील काय करणार? तुझ्यासारख्या पोरीचं ऐकून?"

"माझं ऐकू नका म्हणावं. बादली बघा म्हणावं." ओरोनं वाकून बादलीची कडी उचलली. "मी ठरवलंय. उद्या दहा वाजता, बाजार भरला की मी ही बादली घेऊन निघणार. मागच्या गल्लीनं नाही, चौकातून, बटण लावून. वाटेत कुणी विचारलं की हे काय आहे, तर सांगणार काय आहे. लुचाच्या आजीनं विचारलं तर तिलाही सांगणार. मग वकिलांच्या दारात उभी राहणार आणि ते बाहेर येईपर्यंत हलणार नाही. बाबा, तुम्ही सोबत आलात तर बरं होईल. कल्हई का नको म्हणाला, ते तुमच्याइतकं नीट मला सांगता येणार नाही. पण तुम्ही नाही आलात, तरी मी जाणार आहे."